वर्षाचे ४३२ दिवस

गेल्या महिन्यातील गोष्ट. दुपारी दवाखान्यातील गर्दी ओसरली होती आणि कंपाउंडर शटर अर्धे खाली ओढण्याच्या बेतात होता. तेवढ्यात आमच्या जेऊर भागातील एक ओळखीचे बागायतदार आपल्या मुलाला पुढे घालून आत आले. मुलाचे वय चौतीस. दोन महिन्यांपासून डोके दुखते ही तक्रार. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा तपासून झाला होता. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही चालू होत्या, दिवसाला दोन, कधी तीन.

मी पट्टा बांधायच्या आतच वडिलांनी सुरुवात केली. "डॉक्टरसाहेब, डोक्याचं बघा, पण त्याच्या आधी ह्याला जरा समजावून सांगा. पुण्याची साठ हजारांची नोकरी सोडून घरी येऊन बसलाय. रातरातभर ते कंप्युटर पुढं घेतो. गावात लोक विचारतात पोरगं काय करतं, मी काय सांगू?"

मुलगा काही बोलला नाही. रक्तदाब भरला १७०/११०. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा घेतला, १६८/१०८. चौतिसाव्या वर्षी हा आकडा पाहून कोणताही डॉक्टर खुर्चीत सावरून बसतो. एवढ्या लहान वयात रक्तदाब निघाला तर मूत्रपिंडाचे काही आहे का हे आधी पाहावे लागते. लघवी, क्रिएटिनीन, ईसीजी लिहून दिले. डोकेदुखीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या, कारण त्याच गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. रक्तदाबाची गोळी सुरू केली. वैद्यकीय भाग एवढाच होता. उरलेला अर्धा तास आम्ही तिघे जे बोललो, ते या सदरात लिहावेसे वाटले, कारण असे तरुण आता फक्त पुण्यात राहिलेले नाहीत.

हा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्याच्या एका कंपनीत आठ वर्षे डिझाईनचे काम करत होता. लोखंडी शेड, पूल, मोठ्या इमारती यांचे सांगाडे उभे करायच्या आधी प्रत्येक तुळईचे, प्रत्येक भोकाचे आणि बोल्टचे चित्र काढावे लागते. त्या चित्रावरून कारखान्यात लोखंड कापले जाते. भोक दोन मिलिमीटर चुकले तरी जागेवर बोल्ट बसत नाही आणि भुर्दंड पडतो. असे हे डोळ्यांत तेल घालून करायचे काम. दोन वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली, जेऊरला परत आला, आणि आता हेच काम अमेरिकेतील एका आणि पुण्यातील दोन कंपन्यांसाठी घरून करतो. काम तसा पैसा. इंग्रजीत याला फ्रीलान्स म्हणतात.

वडिलांना मी विचारले, "तुमच्याकडे सालगडी आहे ना?" म्हणाले, आहे. "आणि केळीचा घड उतरवायला माणसं येतात ती?" "ती उक्ती." मग मी म्हटले, तुमचा मुलगा आधी सालगडी होता, आता उक्तं काम घेतो. घरी बसलेला नाही. वडिलांना हे पटकन समजले. मुलाला मात्र सालगडी हा शब्द लागला असावा. असो, मीही सहा वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारचा सालगडी होतो, तेव्हा मला तो शब्द वापरण्याचा अधिकार आहे.

वडिलांची अपेक्षा अशी होती की मी डॉक्टर या नात्याने सांगावे, रक्तदाब वाढला आहे, आता मुकाट्याने नोकरीवर परत जा. मी तसे सांगितले नाही. नोकरीने रक्तदाब उतरतो असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. उलट एक जुना अभ्यास आहे, तो थोडक्यात सांगतो. लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी कचेऱ्यांतील हजारो कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. मायकेल मार्मॉट या डॉक्टरांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. सगळे पगारी, सगळ्यांना पेन्शन, उपाशी कोणीच नाही. तरीही हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायरीवरच्यांत जास्त निघाले. विडी-सिगारेट, रक्तदाब, चरबी हे सगळे हिशोबात धरूनही फरक पूर्ण सुटेना. १९८५ पासून दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यातून असे दिसू लागले की आपले काम कसे आणि केव्हा करायचे हे ठरवणे ज्याच्या हातात नाही, त्याच्या हृदयावर त्याचा भार पडतो. म्हणजे नुसता पगार माणसाला वाचवत नाही. २०२४ साली पुण्यात नामांकित फर्ममध्ये लागून काही महिनेच झालेली एक २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट मुलगी गेली आणि तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. ती मुलगी पगारीच होती.

इंजिनिअरने नोकरीच केली पाहिजे हेही खरे नाही. आपल्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांच्याच डोक्यातून निघाले. १९०८ च्या सुमारास त्यांनी ती नोकरी आपण होऊन सोडली. त्याच वर्षी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला होता, तेव्हा निजामाने सल्ल्यासाठी त्यांनाच बोलावले. पुढे म्हैसूरची दिवाणगिरी झाली, तीही सोडली, आणि नंतरही अनेक वर्षे सल्लागार म्हणून काम केले. १८६१ चा जन्म, १९६२ ला गेले. रक्तदाब किती होता कोणास ठाऊक, पण शंभरी पार केली.

मग या मुलाचा रक्तदाब कशाने वाढला? मिठाने? वजनाने? थोडा त्यानेही. वडिलांनाही रक्तदाब आहे, ते अंगातले आलेच. पण मी त्याला विचारले, झोपतोस किती? म्हणाला, चार-पाच तास. रविवार? काम असते. गेल्या वर्षी आजारपणामुळे किती दिवस काम बंद ठेवलेस? त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, एकही नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त आढळला. आमच्या या इंजिनिअरचे तास मोजले तर आठवड्याला सत्तरच्या वर गेले. नोकरीत साहेब होता, तो सात वाजता घरी जाऊ देत नसे म्हणून याने नोकरी सोडली. आता साहेब तोच, आणि हा साहेब रात्री दोनलाही सोडत नाही.

मी कागद घेतला आणि त्याला त्याचा भाव विचारला. इंजिनिअरला डॉक्टरने गणित शिकवावे हे जरा हास्यास्पदच, पण हे गणित त्याने केलेलेच नव्हते. नोकरीत साठ हजार मिळत होते, भागिले तीस, म्हणजे दिवसाला दोन हजार. त्यावर पाचशे नफा धरून तो दिवसाचे अडीच हजार लावत होता, आणि आपण फायद्यात आहोत असे समजत होता.

आता बघा. वर्षाचे ३६५ दिवस. ५२ रविवार गेले. सण, लग्नकार्य, गावची जत्रा यांचे १५. ताप, खोकला, पोराचे आजारपण आणि थोडी विश्रांती यांचे १८ धरा. उरले २८०. त्याला विचारले, या कामाच्या दिवसांपैकी खरोखर पैसे मिळणारे किती? कारण नवीन कामाचा अंदाज काढून देणे, गिऱ्हाइकाने फुकटात करून मागितलेल्या दुरुस्त्या, फोन, आणि बिलासाठी मागे लागणे, याचे पैसे कोणी देत नाही. तो म्हणाला, तिसरा हिस्सा त्यातच जातो. म्हणजे बिल होणारे दिवस १९० च्या आत.

अडीच हजाराने जुन्या पगाराइतके, म्हणजे वर्षाचे ७ लाख २० हजार मिळवायला २८८ बिलाचे दिवस लागतात. तेवढे बिलाचे दिवस काढायचे तर बिनपैशाचे दिवस मिळवून कामाचे ४३२ दिवस हवेत. वर्ष ३६५ चे. कमी पडणारे दिवस हा मुलगा रात्रीतून, रविवारातून आणि आजारपणातून काढत होता. माझ्या मते त्याच्या रक्तदाबाचे मूळ त्या अडीच हजारांत होते.

आणि हे नुसत्या पगाराचे झाले. नोकरीत पगाराच्या चिठ्ठीवर न दिसणारे पुष्कळ काही असते. भविष्यनिर्वाह निधीत मालकही आपला वाटा घालतो. पाच वर्षांनी ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. भरपगारी रजा असते. आजारी पडल्यावर कंपनीचा गट विमा असतो, आणि कमी पगाराच्या कामगारांना १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली राज्य विमा योजना असते, जिची पगाराची मर्यादा २०१७ साली २१ हजार झाली. संगणक मालकाचा, सॉफ्टवेअर मालकाचे, वीज गेली तर जनरेटर मालकाचा. जेऊरमध्ये इन्व्हर्टर याचा स्वतःचा. या सगळ्याचे मी ढोबळ मानाने वर्षाला अडीच लाख धरले. म्हणजे १९० दिवसांत ९ लाख ७० हजार आले पाहिजेत. भाव निघाला दिवसाला ५१०० रुपये. मुलगा कागदाकडे बघत राहिला. वडील म्हणाले, "म्हणजे हा निम्म्यात देतोय की." केळीचा भाव ठरवण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे मुलाच्या आधी समजले.

उक्त्या कामात आजारपणाला जागा नसते, ही गोष्ट आपल्या भागाला नवीन नाही. दर हंगामात आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यात एक शब्द आहे, खाडा. एक दिवस फडात गेले नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायांची गर्भाशये तरुण वयात काढली गेल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये, हेही त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. माझा इंजिनिअर आणि ती ऊसतोडणी करणारी बाई यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला कळते. तिला भाव ठरवता येत नाही, याला येतो. पण आजारी पडलो तर मजुरी बुडेल ही भीती दोघांची एकच आहे, आणि त्या भीतीने माणूस डॉक्टरकडे उशिरा येतो.

हे मी कोणाला सांगावे? माझ्या उजव्या जांघेत हर्निया होता. मला माहीत होता, रोज हाताला लागत होता. दवाखाना आठ दिवस बंद ठेवला तर आठ दिवसांचे उत्पन्न शून्य, शिवाय पेशंट दुसरीकडे जातील, म्हणून मी ऑपरेशन चौदा महिने पुढे ढकलले. रोग्यांना मात्र 'ताबडतोब करून घ्या' असे सांगत होतो. एका रात्री आतडे अडकले, आणि मुलगा मला गाडीत घालून सोलापूरला घेऊन गेला. आठ दिवसांऐवजी पाच आठवडे दवाखाना बंद राहिला. सरकारी नोकरीत असतो तर वैद्यकीय रजेचा अर्ज लिहिला असता आणि पगार चालू राहिला असता.

आता विम्याविषयी. यात या मुलाचे जे नुकसान झाले ते पैशात मोजता येत नाही. नोकरी सोडली आणि कंपनीचा गट विमा संपला. स्वतःचा काढू, काढू म्हणत दोन वर्षे गेली, आणि आता त्याच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने 'उच्च रक्तदाब' असे लिहिले आहे. इथून पुढे विमा काढला तर आधीपासून असलेल्या या दुखण्यासाठी कंपनी थांबायला लावू शकते. ही मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत असे, २०२४ च्या नियमांनी ती जास्तीत जास्त तीन वर्षे झाली. तीन वर्षेही थोडी नाहीत. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती आधी विचारून, मुदतीत करून घ्यावी लागते. राजीनाम्याच्या घाईत कोणी विचारत नाही. म्हणून जे तरुण नोकरी सोडण्याच्या विचारात आहेत त्यांना माझे सांगणे आहे, राजीनामा नंतर लिहा, विमा आधी काढा, आणि शरीर धड असताना काढा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, तेव्हा ती सबबही राहिली नाही. शिधापत्रिका असलेल्यांना महात्मा जोतिराव फुले योजना आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. पण ती योजनेतील रुग्णालयांत आणि योजनेत बसणाऱ्या उपचारांसाठी. तिचा आधार जरूर घ्यावा, पण एवढ्यावरच विसंबून राहू नये.

या बाबतीत मुलींचे हाल जास्त होतात. माझ्याकडे येणारी एक सून सिव्हिल इंजिनिअर आहे, घरून इमारतींचे नकाशे करते. नोकरीत असती तर २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली असती. ती विसाव्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन संगणकापुढे बसली, कारण गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. पाठ धरली तेव्हा माझ्याकडे आली. सासूबाई म्हणाल्या, "बसूनच तर काम करायचं असतं." बसून केलेल्या कामाने पाठ धरत नाही अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. फडातला माणूस दमला की बसतो, पण संगणकावरचा दमला तरी बसलेलाच असतो, तेव्हा त्याने दर अर्ध्या तासाला उठून चार पावले टाकावीत आणि डोळ्यांना दूरचे झाड दाखवावे.

रात्रीच्या जागरणाविषयी मुलगा म्हणाला, "अमेरिकेचं काम आहे डॉक्टर, रात्री करावंच लागतं." मला हे पटेना. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. बोलायचे ते त्या तासा-दीड तासात बोलून घ्यावे. बाकी चित्र काढायचे काम आपल्या दिवसात, त्यांच्या रात्रीत करावे. ते सकाळी उठतात तेव्हा काम तयार, यासाठीच तर ते आपल्याकडे काम पाठवतात. मग तू रात्री दोनपर्यंत का बसतोस? तो म्हणाला, "मेल आला आणि लगेच उत्तर नाही दिलं तर वाटतं, काम जाईल." म्हणजे जागरण अमेरिकेचे नव्हते, धास्तीचे होते. रात्रपाळीचे काम हे कर्करोगास बहुधा कारणीभूत, अशा वर्गात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली टाकले आणि २०१९ ला ते मत कायम ठेवले. कारखान्यात रात्रपाळी निदान आलटून पालटून असते. याने स्वतःला कायमची लावून घेतली होती.

पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने पाच महिन्यांचे बिल अडकवले आहे, हेही बोलण्यातून निघाले. लहान उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे, उद्यम नोंदणी असेल तर ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे, उशीर झाल्यास व्याजासकट. याची नोंदणीच नव्हती. फुकट होते, घरबसल्या होते. ती करून घे, असे मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर गोळ्यांच्या खाली लिहून दिले. कंपाउंडर गोंधळला, हे औषध आपल्याकडे नाही म्हणाला.

तीन आठवड्यांनी बापलेक परत आले. मूत्रपिंडाचे रिपोर्ट चांगले आले होते, तो मोठा घोर टळला. रक्तदाब गोळीवर १३८/८८. डोके थांबले होते. भाव एकदम दुप्पट करायचे त्याला धाडस झाले नाही, चार हजार केला. पुण्याचे एक गिऱ्हाईक सोडून गेले. अमेरिकेच्या माणसाने काही न बोलता कबूल केला, याचेच त्याला वाईट वाटत होते, दोन वर्षे आधीच का मागितला नाही म्हणून. गोठ्याशेजारची खोली रंगवून तिथे टेबल हलवले आहे आणि दारावर पाटी लावली आहे, 'डिझाईन ऑफिस, वेळ १० ते ७, रविवारी बंद'. वडिलांना पाटी पसंत होती. लोकांना दाखवता येते. फक्त रविवारी बंद हे त्यांना पटलेले नव्हते, कारण आपल्या शेतात रविवार कोण पाळतो?

मी पुढची तारीख दिली. मुलगा म्हणाला, त्या दिवशी काम आहे, सगळं आवरून रात्री नऊला येतो, तुम्ही असताच. मी आहे म्हणणारच होतो. मग त्याला सांगितले की या महिन्यापासून दवाखाना आठला बंद होतो.